स्पेक्ट्रम व्यवस्थापनातलं करिअर: खान्देशातून सुरुवात कुठून करायची?

धुळे_ईटीसी (धागाकर्ता)
राम राम मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या (ई अँड टीसी) शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला दोनच वाटा ऐकू येतात: पुण्यात आयटी, नाहीतर टॉवरच्या कंत्राटदाराकडे ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरत सिग्नल मोजणं). मला यापेक्षा वेगळं काम कळून घ्यायचं आहे. कोणती फ्रिक्वेन्सी कोणाला, किती पॉवरला, कोणत्या अटीवर द्यायची हे ठरवणारं आणि ते पाळलं जातंय का हे बघणारं. यात नोकऱ्या कुठे आहेत, परीक्षा कोणती, आणि धुळे-जळगाव-नंदुरबारला राहून आत्ताच काय शिकता येईल?
आमचा प्रोजेक्ट केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजून लोराने (कमी पॉवरची, लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) गेटवेकडे (सगळा डेटा गोळा करणारं यंत्र) पाठवायचा आहे. त्याचा या क्षेत्राशी काही संबंध लागतो का, तेही सांगा.

लहरमापक
चांगला प्रश्न. आधी घरं, म्हणजे संस्था, ओळखून घ्या, मग वाटा दिसतील.

देशात फ्रिक्वेन्सीचं वाटप दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा करते. तिच्या प्रमुखाला भारत सरकारचे वायरलेस सल्लागार म्हणतात. ही शाखा १९५२ पासून आहे. हवेत प्रत्यक्षात काय चाललंय ते ऐकायचं, मोजायचं, अडथळा शोधायचा हे काम डब्ल्यूएमओचं, म्हणजे वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं. त्यांची स्थानकं देशभर आहेत आणि उपग्रहांचं मॉनिटरिंग करणारं भूस्थानक आपल्या शेजारी जालन्याला आहे. अजिंठ्याचा घाट ओलांडला की पोचलात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७ पासून आहे. ते शिफारशी करतं आणि लिलावाची राखीव किंमत सुचवतं, पण फ्रिक्वेन्सी देत नाही. हा फरक मुलाखतीत हमखास विचारतात आणि चांगले चांगले तिथे गडबडतात.

या सगळ्यांच्या वर जिनिव्हाची आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. तिचे रेडिओ रेग्युलेशन्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे. जगाचे तीन विभाग केलेत, भारत तिसऱ्यात. त्या तक्त्यावरून आपला राष्ट्रीय तक्ता निघतो, त्याला एनएफएपी (नॅशनल फ्रिक्वेन्सी अॅलोकेशन प्लॅन) म्हणतात.

अधिकारी म्हणून आत जायची सरळ वाट म्हणजे यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा (ईएसई), इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम गट. त्यातली इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस, गट अ. वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. प्रीलिम ५०० गुणांची: सामान्य अध्ययन आणि अभियांत्रिकी अभिवृत्ती २००, विषय ३००. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मेन्स ३०० चे दोन लेखी पेपर, मुलाखत २००, एकूण १३००. सुरुवात लेव्हल १० ला, मूळ वेतन ५६,१००.

जाहिरातीत या सेवेचं नाव आहे म्हणजे त्या वर्षी भरपूर जागा आहेत असं समजू नका. जागा मोजक्याच असतात. पसंतीक्रम भरताना इंडियन टेलिकम्युनिकेशन सर्व्हिसही वर ठेवा, तिथूनही दूरसंचार विभागातच काम करता येतं.

नंदुरबारकर_एमएस्सी
सर, बीई नसेल तर वाट बंदच का? एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स आहे, विद्यापीठ जळगावचंच.

लहरमापक
बंद नाही. बाकीच्या बहुतेक सेवांना अभियांत्रिकीची पदवी लागते. पण रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिसला वायरलेस कम्युनिकेशन, इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ फिजिक्स किंवा रेडिओ इंजिनिअरिंग हा विशेष विषय असलेली एमएस्सी चालत आली आहे. जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा आणि गुणपत्रिकेवर विशेष विषयाचं नाव नेमकं कसं छापलंय ते आजच बघा. नुसतं 'फिजिक्स' छापलं असेल तर विद्यापीठाकडून विशेष विषयाचा दाखला आधीच काढून ठेवा. कागदपत्रांच्या तपासणीच्या आठवड्यात तो मिळणं अवघड.

अभ्यासात एमएस्सीवाल्यांना सगळ्यात जड जातात ते कंट्रोल सिस्टिम आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये मात्र तुम्ही बीईवाल्यांच्या पुढे असता.

केळीबाग
धुळेकर दादा, प्रोजेक्टचा संबंध लागतो का म्हणता? तुमचा प्रोजेक्ट म्हणजे अख्खं स्पेक्ट्रम व्यवस्थापन छोट्या प्रमाणात आहे. मॉड्यूल कोणतं घेतलंय? ४३३, ८६८ की ९१५ मेगाहर्ट्झचं?

धुळे_ईटीसी
मॉड्यूलवर ८६८ लिहिलंय. कोडच्या लायब्ररीत आलेली सेटिंग तशीच ठेवली आहे. पाचशे मीटरवर डेटा व्यवस्थित येतोय.

केळीबाग
डेटा येतोय म्हणजे बरोबर चाललंय असं नाही. हे नीट समजून घ्या, कारण कृषी प्रोजेक्टांमध्ये ही चूक सर्रास दिसते.

भारतात या कामासाठी परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. २००५ च्या नियमात तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. अट: ट्रान्समीटर पॉवर जास्तीत जास्त १ वॅट, ईआरपी (अँटेनाची वाढ धरून हवेत जाणारी पॉवर) ४ वॅट, कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ.

आता लायब्ररीतली युरोपची सेटिंग बघा. तिचे ठरलेले तीन चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५. तिन्ही आपल्या हद्दीच्या बाहेर! भारतासाठीचा लोरावॅन (लोराच्या जाळ्याची नियमावली) आराखडा आयएन८६५ या नावाने असतो. त्याचे चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. 'मॉड्यूल ८६८ चं' याचा अर्थ एवढाच की त्याचं मॅचिंग सर्किट (चिप आणि अँटेना जुळवणारं) त्या आसपास बसवलंय. चिप ८६५ वर चालते, कोडमध्ये रीजन बदलावा लागतो. नोड (बागेतलं मोजणारं यंत्र) आणि गेटवे दोन्हीकडे बदला, नाहीतर जॉइनच होणार नाही आणि तुम्ही अँटेना तपासत बसाल.

अमेरिकेची ९१५ ची सेटिंग तर त्याहून वाईट. तिचे अपलिंक चॅनेल ९०२.३ ते ९१४.९ मध्ये पडतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा ९०० बँडचा मोबाइल अपलिंक आहे, म्हणजे फोनचा क्षीण आवाज टॉवर जिथे ऐकतो तोच पट्टा. बागेशेजारी टॉवर असेल तर तुमचा १०० मिलिवॅटचा नोड टॉवरच्या त्या सेक्टरच्या (एका दिशेच्या अँटेनाच्या) कानात ओरडतो.

दुसरी बाजूही बघा. ८६९ ते ८८९ हा ८०० बँडचा डाउनलिंक, टॉवर तिथे दहा-दहा वॅटने बोलतो. गेटवे टॉवरजवळ लावला तर ती पॉवर गेटवेच्या रिसीव्हरला बधिर करते. म्हणून गेटवेच्या अँटेनापाशी ८६५-८६८ चा बँडपास फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारा) घाला. आयएन८६५ चे चॅनेल ८६९ पासून तीन मेगाहर्ट्झ खाली आहेत, फिल्टरला उतार द्यायला तेवढी जागा मिळते.

अँटेना पानांच्या वर काढा, जमिनीपासून चार मीटर तरी. केळीच्या पानात पाणीच पाणी असतं, ड्रिप सुरू असताना आणि पावसात सिग्नल आणखी पडतो. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती लांबवून पाठवायचा ते ठरवणारा आकडा) १२ वर ठेवून रेंज वाढवायचा मोह टाळा. वीसेक बाइटचा निरोप त्यात १.३ सेकंदाच्या आसपास हवेत राहतो, ७ वर तोच सहा शतांश सेकंदाच्या आसपास संपतो. ओलावा अर्ध्या तासाने मोजला तरी पुरतो. हवा सगळ्यांची आहे, गरजेपुरतीच व्यापावी.

रानवारा
मॉड्यूलचं ईटीए विसरू नका. परवानामुक्त पट्टा म्हणजे उपकरणाला मान्यता नको असं नाही. इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल मॉडेलनुसार असतं आणि सरल संचार पोर्टलवरून मिळतं. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा दाखला मागा. 'सीई आहे, एफसीसी आहे' असं तो म्हणेल, पण ते युरोप-अमेरिकेचे शिक्के आहेत.

हाच प्रश्न वॉकी-टॉकीचा. लग्नाच्या मांडवात आणि यात्रेत वापरायला ऑनलाइन घेतलेले सेट बहुतेकदा पोलीस किंवा इतरांच्या परवान्याच्या पट्ट्यातही ट्रान्समिट करू शकतात. कमी पॉवरच्या सेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मोकळा आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या: फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती जाहिरातीतच द्यायची. या नियमपालनाच्या कामाला कंपन्यांत माणसं लागतात. आयातदार, चाचणी प्रयोगशाळा, स्मार्ट मीटरवाले. नवख्या मुलाला इथे प्रवेश सोपा, हेही करिअरच आहे.

धुळे_ईटीसी
रीजन बदलला. पण आता खरंच ८६५ वर जातंय का हे कशावरून पाहू? कॉलेजचा स्पेक्ट्रम अॅनालायझर कुलपात आहे.

लहरमापक
आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) घ्या. २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो, एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झ रुंद दिसतं. मोजमापाचं उपकरण म्हणून तो कच्चा आहे, पण कोणत्या चॅनेलवर काय आहे हे दाखवायला पुरतो.

स्वस्त डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकला तर ८६६ ला ४३ किलोहर्ट्झ फरक पडतो. आधी माहीत असलेल्या एखाद्या सिग्नलवर दुरुस्ती करून घ्या. टीसीएक्सओवाला (तापमान बदललं तरी स्थिर राहणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल घेतला तर हा त्रास जवळजवळ जातो.

नोड डोंगलपासून दहा-पंधरा मीटर लांब ठेवा. टेबलावर शेजारी ठेवलात तर रिसीव्हर भरून जाईल आणि नसलेले सिग्नल दिसतील. ओळखायची पद्धत: गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) १० डीबीने (डेसिबल) कमी करा. सिग्नल खरा असेल तर १० डीबीनेच उतरेल. ३० डीबीच्या आसपास कोसळला तर ते तुमच्या रिसीव्हरमध्येच तयार झालेलं इंटरमॉड्युलेशन (दोन सिग्नल मिसळून झालेला खोटा सिग्नल) आहे. मॉनिटरिंग स्थानकावर लाखोंच्या यंत्रावरही आधी हेच करतात. अडथळ्याची तक्रार पुढे पाठवण्यापूर्वी आपलंच यंत्र खोटं बोलत नाही ना, हे बघणं हा या कामाचा पाया आहे.

कायद्याची मर्यादा सांभाळा. एफएम ऐका, हॅम (हौशी रेडिओवाले) ऐका, स्वतःचा नोड ऐका. पोलिसांचे किंवा इतर कोणाचे, आपल्यासाठी नसलेले निरोप ऐकणं आणि पसरवणं यात पडू नका.

तापीकाठची
जळगावात वाचणाऱ्यांसाठी एक जोड. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि तिथूनच विमानांचं नेव्हिगेशन सुरू होतं, पुढे ११७.९७५ पासून वैमानिकांचं बोलणं. एकाच डोंगरावर दोन एफएम ट्रान्समीटर असतील, समजा १०६.४ आणि ९४.०, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा म्हणजे ११८.८. सरळ हवाई पट्ट्यात. गंजलेला सांधा किंवा फिल्टर नसलेला ट्रान्समीटर एवढं करायला पुरतो. विमानतळ प्राधिकरणाचे इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे इंजिनिअर हे सांभाळतात. त्यांची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह भरती अलीकडे गेटच्या गुणांवर होते, म्हणून गेट देऊन ठेवा.

भुसावळ_जंक्शन
रेल्वे राहिली का भो? भुसावळ विभागात सिग्नल आणि टेलिकॉमचं मोठं काम आहे. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० बँडमध्ये ५ मेगाहर्ट्झ दिले, गाडी आणि कंट्रोल यांच्यातल्या एलटीईसाठी (फोर-जीचं तंत्र). कवच (गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा) सुद्धा रेडिओवरच चालतं. डिप्लोमावाल्यांना रेल्वे भरती मंडळाची ज्युनियर इंजिनिअर परीक्षा आहे, त्यात एस अँड टी निवडा. आणि राज्यात पोलीस बिनतारी संदेश विभाग आहे, मुख्यालय पुण्याला. त्यांच्या भरतीकडेही लक्ष ठेवा.

विदर्भसीमा
मोबाइल कंपन्यांत स्पेक्ट्रमचं नेमकं काय काम असतं? ड्राइव्ह टेस्टच्या पुढे काही आहे का?

लहरमापक
आहे, आणि त्यात कस लागतो. अपलिंकमधला अडथळा शोधण्याचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे बाजारपेठेत सिग्नल बूस्टरचा सुळसुळाट आहे. खाजगी व्यक्तीने बूस्टर लावणं बेकायदा आहे, तरी पत्र्याच्या दुकानांत आणि तळघरातल्या दवाखान्यांत ते लागतात.

एलटीईच्या एका रिसोर्स ब्लॉकची (चॅनेलचा वाटून देता येणारा छोटा तुकडा) रुंदी १८० किलोहर्ट्झ. नैसर्गिक नॉइज एका हर्ट्झला −१७४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), रुंदीचे ५२.६ डीबी, रिसीव्हरच्या नॉइज फिगरचे ३ डीबी. बेरीज −११८ च्या जवळ. निरोगी सेक्टर तिथे दिसतो. एखादा सेक्टर −१०० दाखवायला लागला की त्याच्या टापूतले लांबचे फोन तुटतात. स्क्रीनवर मात्र फुल काड्या असतात, कारण डाउनलिंक ठीक असतो. लोक म्हणतात 'नेटवर्क आहे पण बोलणं होत नाही', ते हेच.

आता लगेच अँटेना घेऊन बाजारात धावायचं नाही. आधी चोवीस तासांचा आलेख काढा. सकाळी दहाला चढतो आणि रात्री नऊला उतरतो, रविवारी सपाट: दुकानातला बूस्टर. रात्रंदिवस सारखा: घर, लॉज किंवा बंद न होणारं एखादं यंत्र. आणि स्वतःच्याच टॉवरचा डाउनलिंक लोड वाढला की चढतो, कमी झाला की उतरतो: मग दोष बाहेर नाही, तुमच्याच कनेक्टरमध्ये आहे. याला पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन म्हणतात. ७/१६ कनेक्टर टॉर्क रेंचने २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळायचा असतो. हाताने आवळून सोडलेला सांधा दोन पावसाळ्यांत गंजतो.

बूस्टर इतका त्रास का देतो? ७० डीबी गेनच्या बूस्टरला छतावरची आणि आतली अँटेना यांत निदान ८५ डीबी आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीत न पोचणं) लागतं. बसवणारा दोन्हीत तीन मीटर अंतर ठेवतो आणि पत्र्यावर भरवसा टाकतो. मग यंत्र स्वतःचाच आवाज परत ऐकून शिट्टी मारायला लागतं, आणि ती शिट्टी टॉवरच्या कानात जाते.

शोधताना लॉग-पिरिऑडिक किंवा यागी (एका दिशेला ऐकणाऱ्या) अँटेनाने तीन वेगळ्या जागांहून दिशा घ्या. दोन रेषा नेहमीच कुठेतरी छेदतात, तिसरी रेषा खोटं पकडते. गच्चीवरून घ्या, गल्लीत भिंतींवरून परावर्तन होतं. घर नक्की झालं की कंपनीचा माणूस आत शिरून काही जप्त करू शकत नाही. अहवाल डब्ल्यूएमओकडे जातो: सेक्टरचं नाव, फ्रिक्वेन्सी, पातळी, वेळ, अक्षांश-रेखांश, तीनही दिशा, कोणती अँटेना, किती गेन, केबलचा लॉस किती धरला. यातलं एक राहिलं तर अधिकाऱ्याला पहिल्यापासून मोजावं लागतं.

सातपुडा१५
मायक्रोवेव्ह लिंकचं काम अजून कोणी काढलं नाही. फायबर सगळीकडे पोचलेलं नाही. अक्राणी-धडगावच्या पट्ट्यात आणि साक्रीच्या पठारावर टॉवर ते टॉवर लिंक महत्त्वाच्या आहेत.

१५ गिगाहर्ट्झ, १२ किलोमीटर घ्या. फ्री स्पेस लॉस (मोकळ्या हवेत अंतरामुळे होणारी घट): ३२.४४ अधिक २० लॉग १२ अधिक २० लॉग १५०००, म्हणजे १३७.५ डीबी. मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवतीचा, मोकळा हवा असलेला भाग) त्रिज्या ७.७५ मीटर, तिचे ६० टक्के ४.६५. पृथ्वीच्या गोलाईचा फुगवटा, के (हवेत लहर वाकते त्याचा गुणक) चार तृतीयांश धरून, २.१ मीटर. म्हणजे मधल्या टेकडीवरच्या झाडाच्या शेंड्यापासून पावणेसात मीटर तरी मोकळे हवेत, आणि झाड वाढणार आहे हे धरून वर दोन-तीन.

एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेला) उंचीचा नकाशा फुकट मिळतो, क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) छेद काढता येतो. पण त्यात झाडं आणि बांधकामं भरवशाची नसतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या आहेत. कागदावर लिंक मोकळी, प्रत्यक्षात पातं झोनमधून फिरतं आणि पातळी ठरावीक तालात खाली-वर होते. रेषा पवनचक्कीच्या खांबापासून मोजू नका. पात्याची लांबी अधिक पूर्ण पहिला झोन, एवढं बाजूला सोडा. पावसाच्या घटीसाठी आयटीयूच्या पी.८३७ आणि पी.८३८ शिफारशी, संपूर्ण लिंकसाठी पी.५३०. तिन्ही आयटीयूच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

टॉवरच्या जागेला साकफाची (रेडिओ फ्रिक्वेन्सी वाटपाची स्थायी सल्लागार समिती) मंजुरी लागते. तिथे अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा साध्या कारणाने: अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतो ती पद्धत) मध्ये नसणं, किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची यांची अदलाबदल.

आणि हा नुसता मोजणीचा विषय राहिलेला नाही. जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर १.७ क्रमांकाचा विषय आहे: ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ मोबाइलला देता येतील का. शेवटचा पट्टा बघा, वरची १५ गिगाहर्ट्झची लिंक त्यातच पडते. तिथे काय ठरतं यावर या लिंक किती वर्षं राहतील हे ठरणार.

तापीकाठची
सातपुडा दादांनी नेमकं दाखवलं. धोरणाचं काम इथूनच सुरू होतं, आणि त्यासाठी दिल्लीत राहायलाच हवं असं नाही.

परिषदेआधी आपल्या देशाची भूमिका ठरवायला डब्ल्यूपीसी राष्ट्रीय तयारी समिती चालवते. त्यात कंपन्या, इस्रो, संशोधन संस्था बसतात. तिथून ती भूमिका आशिया-पॅसिफिक टेलिकम्युनिटीत जाते. दुबईची २०२३ ची परिषद जवळजवळ चार आठवडे चालली. तिथे वाद तळटीपेतल्या एका शब्दावर होतात, कारण प्राथमिक सेवेला संरक्षण मिळतं आणि दुय्यम सेवेला प्राथमिकबद्दल तक्रार करता येत नाही. रेडिओ रेग्युलेशन्सचं कलम ५ उघडा. मोठ्या अक्षरांत छापलेली सेवा प्राथमिक, साध्या अक्षरांतली दुय्यम. रोज एक पट्टा घ्या, तळटीपांसह वाचा आणि एनएफएपीच्या तक्त्याशी ताडून बघा. भारताच्या स्वतंत्र तळटीपा वेगळ्या काढा. तीन महिन्यांत तक्ता हाताखाली येतो. मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांनी तो कधी उघडलेलाही नसतो.

दुसरा सराव ट्रायचा. ट्राय सल्लामसलतपत्र काढतं, प्रश्न क्रमांकाने छापतं आणि कोणाकडूनही मतं मागवतं. त्यानंतर इतरांच्या मतांवर प्रतिमत देता येतं. सगळ्यांची उत्तरं संकेतस्थळावर राहतात. एका प्रश्नावर मोबाइल कंपनी, उपग्रह कंपनी आणि वायफायवाले काय म्हणतात ते शेजारी शेजारी ठेवा. कोणाचा आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे ते शोधा. मग एकाच प्रश्नाचं उत्तर स्वतः लिहा, दोन पानांत: प्रश्न क्रमांक, भूमिका एका वाक्यात, गणित, त्यामागची शिफारस. 'खेड्यापाड्याचा विकास व्हावा' छापाचे परिच्छेद काढून टाका. धडगावच्या डोंगरात बॅकहॉलला (टॉवरला नेटवर्कशी जोडणारा दुवा) कोणता पट्टा का लागतो हे आकड्यांनी लिहिलंत तर ते वाचलं जातं, कारण असं उत्तर दुसरं कोणी पाठवत नाही.

सहअस्तित्व तपासायला सीमकॅट हे मोफत सॉफ्टवेअर आहे, युरोपच्या नियामकांनी केलेलं. दोन यंत्रणा एकाच पट्ट्यात राहतील का हे मॉन्टे कार्लो पद्धतीने (हजारो यादृच्छिक प्रसंग मांडून) काढतं.

कायद्याची किमान माहिती: १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने आला आहे. त्याची पहिली अनुसूची पाठ करा. संरक्षण, आपत्ती, हवामान, उपग्रह सेवा, रेडिओ बॅकहॉल अशांना प्रशासकीय (लिलावाशिवाय) वाटप आणि बाकीचं लिलावाने. हा वाद कुठून आला? फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्या निकालापासून. २०२२ च्या लिलावात ५१,२३६ मेगाहर्ट्झ विकले गेले, १,५०,१७३ कोटींना. नुसता आकडा पाठ करू नका. कोणत्या बँडला बोली लागली आणि कोणता पडून राहिला ते बघा, खरी माहिती तिथे आहे.

नोकऱ्या? मोबाइल कंपन्यांचे नियामक विभाग, उपकरण बनवणारे, उपग्रह कंपन्या, उद्योगसंघटना, सल्लागार संस्था. इस्रो आणि इन-स्पेसकडे (खाजगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणारी संस्था) उपग्रहाच्या फाइलिंगचं काम असतं. आयटीयूकडे फाइल करायचं, शेजारच्या देशांशी समन्वय साधायचा, नोंद करायची, आणि सात वर्षांत ती फ्रिक्वेन्सी प्रत्यक्ष वापरात आणायची. मुदत हुकली तर हक्क जातो. हे जाणणारी माणसं देशात थोडी आहेत.

विदर्भसीमा
मग ईएसईच्या मागे दोन-तीन वर्षं घालवण्यात अर्थ काय? जागा मोजक्या म्हणता, त्यापेक्षा सरळ खाजगीत जावं.

लहरमापक
मला हे पटत नाही. नियम बनवायचा अधिकार आणि अडथळ्यावर कारवाईचा अधिकार सरकारी सेवेतच आहे. ज्याला ते काम करायचंय त्याने परीक्षा द्यावीच.

तापीकाठची
दोघांचंही थोडं थोडं घेते. परीक्षा द्या, पण तेवढ्यावरच अवलंबून राहू नका. ईएसईच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि कम्युनिकेशनचा अभ्यास गेटला चालतो, मुलाखतीला चालतो. त्याच काळात एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत ईटीएचं काम धरा किंवा एक सल्लामसलत उत्तर लिहा. दोन प्रयत्नांनंतर हातात फक्त अॅडमिट कार्डं राहणं वाईट. मुलींना विशेष सांगते: या कामात टॉवरवर चढावंच लागतं हा गैरसमज आहे. फाइलिंग, समन्वय, धोरण, चाचणी हे सगळं टेबलावरचं आणि प्रयोगशाळेतलं काम आहे.

रानवारा
हॅमची परीक्षाही द्या. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स. ईएसईत तिचे गुण मिळत नाहीत, पण अँटेना, एसडब्ल्यूआर (अँटेना नीट जुळली का याचं माप) आणि नियम हाताखालून जातात.

धुळे_ईटीसी
सगळ्यांचे मनापासून आभार. नोड ८६५.४०२५ वर दिसतोय. अहवालात ईआरपीचं कोष्टक टाकतोय, बरोबर आहे का बघा: गेटवेची पॉवर २० डीबीएम, अँटेना ८ डीबीआय, एकूण २८ डीबीएम, म्हणजे ६३० मिलिवॅट. ४ वॅटच्या आत.

केळीबाग
नियमात बसतंय, पण आकडा चुकलाय. दोन गोष्टी राहिल्या. नियम ईआरपीचा आहे आणि ती डायपोलच्या (साधी दोन दांड्यांची अँटेना) तुलनेत मोजतात, डीबीआय मात्र सगळीकडे सारखी पसरणाऱ्या कल्पित अँटेनाच्या तुलनेत, म्हणून डीबीआयमधून २.१५ वजा करा. दुसरं, केबल. कोणती आणि किती?

धुळे_ईटीसी
आरजी-५८, दहा मीटर. गेटवे खाली पंपाच्या खोलीत, अँटेना वर पाइपावर.

केळीबाग
८६६ ला आरजी-५८ मीटरमागे अर्धा डीबी खाते, दहा मीटरला ५. म्हणजे २० वजा ५ अधिक ८ वजा २.१५, बरोबर २०.८५ डीबीएम, साधारण १२२ मिलिवॅट.

पॉवर कमी पडली याची काळजी नको, तेवढी वाढवता येते. काळजी ऐकण्याची आहे. नोडकडून येणारा सिग्नलही त्याच केबलमधून येतो आणि तेच ५ डीबी गमावतो, आणि ते कोडमधून परत मिळत नाहीत. एलएमआर-४०० घेतली तर दहा मीटरला सव्वा डीबीच जाईल. त्याहून बरं, गेटवेच पावसापासून जपणाऱ्या डब्यात घालून पाइपावर चढवा आणि खालून फक्त नेटवर्कची केबल न्या, वीजही तिच्यातूनच जाईल. केबल बदलली की कोष्टक पुन्हा करा, आणि प्रत्येक ओळीपुढे तो आकडा डेटाशीटचा की स्वतः मोजलेला, हे लिहा.